लहान पोरांना रडक्या पिक्चरला नेताना

माझी धाकटी टॉकीजमध्ये पहिल्यांदा रडली ती पिक्चर सुरू व्हायच्या आधीच. तेव्हा ती सव्वाचार वर्षांची. मला उशीर झालेला खपत नाही, म्हणून आम्ही वीस मिनिटं आधीच खुर्च्या पकडून बसलो होतो. दिवे मंद झाले, जाहिराती सुरू झाल्या आणि त्यात तंबाखूविरोधी जाहिरात लागली. तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट, त्यांचे चेहरे, मागे तो खर्जातला आवाज. पोरीनं माझ्या दंडात जी नखं रुतवली ती काही सुटेनात. आणि ज्या प्रसंगासाठी मी चार दिवस तिची तयारी करून घेतली होती, त्या आजोबांच्या मरणाच्या वेळी बाईसाहेब निवांत पॉपकॉर्न खात होत्या.

मी सांगलीत गावभागात काही वर्षं बालवाडी चालवली. घरात माझी दोन पोरं, शिवाय मे महिन्यात दिराची, नणंदेची मिळून सात-आठ जमतात आणि त्यांना पिक्चरला नेण्याचं काम दरवर्षी माझ्याच गळ्यात येतं. या सगळ्यात चुकत-माकत जे कळलं, ते पहिल्यांदाच पोरं घेऊन निघालेल्या आई-बापांसाठी क्रमानं लिहिते. पोराला रडू आलं तर माझ्या मते काही बिघडत नाही. बेसावध असताना, अंधारात, एकट्यानं रडायला लागलं तर मात्र बिघडतं. खालच्या सगळ्या पायऱ्या तेवढ्यासाठीच आहेत.

पायरी १ : आधी पोराकडे बघा, मग पोस्टरकडे

तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर नेऊच नका, हे माझं सरळ मत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली दिलेल्या सूचनांमध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन सांगितला आहे. आपला पिक्चर जाहिराती आणि इंटरव्हल धरून सहज अडीच तासांवर जातो. ‘मांडीवर बसवू, तिकीट लागणार नाही’ म्हणून तान्ही लेकरं घेऊन आलेले कितीतरी जण मी बघितलेत. त्यातल्या बऱ्याच जणांनी पिक्चर दाराबाहेर येरझाऱ्या घालतच ऐकला.

चार ते सहाचं वय गमतीचं. मेलेलं माणूस परत येत नाही, त्याला भूक, थंडी, दुखणं काही कळत नाही, आणि हे प्रत्येकाच्या वाट्याला येणार आहे, या तीन गोष्टी बहुतेक मुलांना साधारण पाच ते सात या वर्षांत हळूहळू उमगतात. त्यामुळे चार वर्षांचं पोर पडद्यावर बाप मेला तरी ढिम्म बसतं आणि पुढच्याच प्रसंगात गर्दीत आईचा हात सुटला की किंचाळतं. मरण त्याला अजून नीट माहीत नाही. हरवणं मात्र पक्कं माहीत आहे, जत्रेत एकदा अनुभवलेलं असतं. या वयात भीती वाटते ती रूपाची आणि आवाजाची: विद्रूप चेहरा, चांगल्या माणसाचं एकदम राक्षसात रूपांतर, अंगावर येणारा ढोल. आठ-नऊच्या पुढच्या मुलांना उलट खरंच घडू शकेल असं काही असलं की लागतं. आजार, अपघात, आई-बाबांचं तुटणं. एकाच रांगेत बसलेली दोन भावंडं वेगवेगळ्या जागी रडतात ती त्यामुळे, आणि मोठा धाकट्याला ‘यात काय रडायचं?’ म्हणून डिवचतो तेही त्यामुळेच.

वयाइतकंच महत्त्वाचं म्हणजे घरात नुकतं काय घडलंय. आजोबा जाऊन चार महिने झाले असतील, पाळलेलं कुत्रं गाडीखाली आलं असेल, घरातलं कुणी मिरजेला दवाखान्यात ॲडमिट असेल, तर पिक्चर कितीही चांगला असला तरी थांबा. २००४ साली भारताकडून ऑस्करसाठी पाठवलेला ‘श्वास’ घ्या. इतका हळुवार सिनेमा क्वचित बनतो. पण त्यातल्या लहान मुलाची दृष्टी ऑपरेशननंतर जाणार असते. घरातल्या कुणाचं ऑपरेशन तोंडावर आलेलं असताना तो टीव्हीवर लागला तरी मी चॅनल बदलेन.

सांगलीकरांनी आणखी एक हिशेब धरावा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेनं आपल्याला घराबाहेर काढलं. ‘आयर्विनला किती फूट?’ म्हणजे आयर्विन पुलाशी पाणी किती चढलं, हे त्या दिवसांत इथल्या पोरांनी झोपेतसुद्धा ऐकलंय. माझ्याकडे सांगलवाडीचा एक मुलगा होता, २०१९ ला त्याला बोटीतून काढलेलं. पुढे एका हलक्याफुलक्या पिक्चरला आम्ही गेलो. नळ उघडा राहतो, घरभर पाणी होतं, खुर्च्या तरंगायला लागतात, असा अगदी विनोदी प्रसंग. सगळं थिएटर खदाखदा हसत होतं आणि हे पोर खुर्चीखाली. तिथं रडणारं कुणी निघेल असं पिक्चर काढणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसेल. मलाही सुचलं नव्हतं. आपल्या पोराची दुखरी जागा आपल्यालाच माहीत असते, ती पोस्टरवर छापलेली नसते.

पायरी २ : ‘कोण मरतं?’ असं थेट विचारा

‘फॅमिली पिक्चर आहे हो, न्या बिनधास्त’ या वाक्यावर विसंबू नका. सर्टिफिकेटवरही पूर्ण विसंबू नका, पण ते वाचा जरूर. ‘यू’ म्हणजे सगळ्यांसाठी, ‘ए’ म्हणजे फक्त अठराच्या पुढच्यांसाठी. मधला ‘यूए’ २०२३ च्या कायद्यातल्या दुरुस्तीनंतर तीन भागांत विभागलाय: ‘यूए ७+’, ‘यूए १३+’ आणि ‘यूए १६+’. या तिन्हींचा अर्थ एवढाच, की त्याहून लहान मुलाला दाखवायचं की नाही हे पालकांनी ठरवावं. दारावरचा माणूस त्यासाठी अडवणार नाही, निर्णय तुमचा. आणि या सगळ्यात मारामारी, शिव्या, भीती यांचा हिशेब जितका असतो, तितका दुःखाचा नसतो. आई मरते म्हणून कुणी पिक्चरला ‘ए’ देत नाही.

उलट मुलांसाठी म्हणून काढलेल्या पिक्चरमध्येच मरणं जास्त. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१४ च्या डिसेंबरात एक अभ्यास आला होता. १९३७ ते २०१३ या काळातले गाजलेले ४५ ॲनिमेशनपट घेतले आणि मोठ्यांच्या पिक्चरशी ताडून बघितले. मुलांच्या दोनतृतीयांश पिक्चरमध्ये कुणीतरी महत्त्वाचं पात्र पडद्यावर मरत होतं. मोठ्यांच्या पिक्चरपैकी निम्म्यांतच असं घडत होतं. कारण उघड आहे. आई-बाप जिवंत आणि जवळ असतील तर पोराच्या हातून पराक्रम घडायचा कसा? ‘आधी दात घास’ म्हणून गोष्ट तिथंच संपेल.

आपल्याकडेही तेच. अत्र्यांच्या १९५३ च्या ‘श्यामची आई’ला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं आणि मुलांना दाखवायचा पिक्चर म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या दाखवला गेला. त्यात शेवटी आई जाते. आमच्या आज्जीच्या वेळी म्हणे बायका दोन-दोन रुमाल घेऊन जायच्या, आणि पोरांना काय वाटलं हे कुणी विचारायच्या फंदात पडलं नाही.

तेव्हा ज्यानं पिक्चर बघितलाय त्याला गाठा आणि नेमके प्रश्न विचारा. कोण मरतं? पडद्यावर दिसतं की नुसतं कळतं? केव्हा? कुणी मुलाला सोडून जातं का? प्राण्याला काही होतं का? (हा प्रश्न विसरू नका. माणसं मेलेली चालतात, कुत्रं मेलेलं चालत नाही, असा माझ्या थोरल्याचा नियम आहे.) शेवटी पात्रं सुखरूप घरी पोचतात का? ‘केव्हा’ याला फार महत्त्व आहे. ‘रडकं सगळं शेवटी असतं, तेव्हा बघू’ असं धरून चालू नका. ‘फाइंडिंग निमो’ या २००३ च्या माशांच्या पिक्चरमध्ये आई पहिल्या काही मिनिटांतच जाते. तुम्ही पाण्याची बाटली पिशवीत कुठं ठेवली ते चाचपडत असता आणि तेवढ्यात झालेलं असतं. ट्रेलरवरून यातलं काही कळत नाही, ट्रेलरमध्ये फक्त विनोद घालतात. सगळ्यात उत्तम म्हणजे आधी तुम्ही एकट्यानं बघून या. पैसे दुप्पट जातात खरे, पण मोठ्यांनाही कधी कधी निवांत पिक्चर बघायला हरकत नसावी.

पायरी ३ : जमल्यास आधी एक नाटक

ही पायरी तुम्हाला दुसऱ्या कुणी सांगणार नाही, आणि सांगलीत राहून ती गाळणं म्हणजे विहिरीच्या काठावर तहानलेलं बसणं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ इथंच केलं, आपल्या गावाला नाट्यपंढरी म्हणतात ती त्यामुळे. भावे नाट्यमंदिरात सुट्टीत एखादं बालनाट्य लागलं की पोरांना पिक्चरच्या आधी तिथं न्या.

नाटकात मेलेला माणूस शेवटी उठून हात जोडून उभा राहतो, म्हणून. मघाशी ज्याच्यासाठी डोळ्यांतून पाणी काढलं तो राजा घाम पुसत हसतोय, त्याचा मारेकरी त्याच्याच शेजारी उभा, हे पोरं डोळे फाडून बघतात. माझ्या थोरल्यानं पडद्यामागं जाऊन राक्षसाच्या मिशीला हात लावला होता. ‘हे खोटं असतं’ असं आपण शंभरदा सांगतो, ते तिथं एका मिनिटात कळतं. सिनेमात ही सोय नाही. शेवटी नुसती नावांची यादी वर सरकते, आणि मेलेला मेलेलाच राहतो. पण एकदा नाटक बघितलेलं असलं की टॉकीजच्या अंधारात तुम्हाला कानात म्हणता येतं, ‘तो राक्षस आठवतो ना, मिशीवाला? हापण तसाच, नंतर उठून घरी गेलाय.’ कार्टून असेल तर मात्र हे चालत नाही. कार्टून उठून कुठं जाणार? तिथं ‘कुणीतरी बसून काढलेलं चित्र’ एवढंच सांगता येतं, आणि पोरांना ते तितकंसं पटत नाही.

पायरी ४ : आदल्या दिवशी गोष्ट फोडून टाका

मोठ्यांना शेवट आधी कळलेला आवडत नाही. पोरांचं उलटं असतं. तीच गोष्ट चाळीस वेळा ऐकणारी जमात ती, शेवट माहीत असला की तिला बरं वाटतं. आदल्या दिवशी, झोपताना नाही तर दुपारी खेळता-खेळता, पिक्चरची गोष्ट थोडक्यात सांगा आणि वाईट भाग त्यातच मोकळेपणानं सांगून टाका. मी साधारण असं बोलते:

‘उद्याच्या पिक्चरमध्ये एक हत्तीचं पिल्लू आहे. ते आईपासून हरवतं. तेव्हा ते खूप रडतं, आणि आपल्याला पण रडू येऊ शकतं. मग त्याला एक म्हातारा हत्ती भेटतो, तो त्याला सांभाळतो. तो म्हातारा हत्ती नंतर मरतो. शेवटी पिल्लाला त्याची आई सापडते.’

बस. ‘पण घाबरायचं नाही हं’ हे जोडू नका. ते जोडलं की पोराला वाटतं, म्हणजे घाबरण्यासारखं काहीतरी नक्की आहे. ‘रडलास तर परत नेणार नाही’ हेही नको. मग ते रडू दाबून बसतं आणि रात्री तीन वाजता तुमच्या अंगावर काढतं.

त्याच वेळी एक खूण ठरवा. आमच्याकडे दोनदा हात दाबला की ‘जवळ घे’, आणि तीनदा दाबला की ‘बाहेर चल’. पोरांना अशी गुप्त खूण भारी आवडते. पहिल्या पिक्चरला दर पाच मिनिटांनी उगाचच हात दाबून बघतील, तेवढं सोसा.

पायरी ५ : खेळ, खुर्ची, पिशवी

हे भराभर सांगते. रात्रीचा खेळ नको. पिक्चर संपून थेट अंथरुणात गेलेलं पोर सगळं स्वप्नात परत बघतं. अकरा-बाराचा खेळ बरा, बाहेर पडल्यावर लख्ख ऊन असतं, माणसं, रिक्षा, उसाच्या गुऱ्हाळाची घंटा असते. मे महिन्यात ते ऊन चाळिशीला टेकलेलं असतं हे मान्य, पण रडून बाहेर आलेल्या पोराला ऊनसुद्धा आधार देतं.

खुर्ची कडेची घ्या, दाराच्या बाजूची, मागच्या अर्ध्या भागातली. पुढच्या रांगांत पडदा अंगावर येतो आणि आवाजही. आवाजाला दचकणारं पोर असेल तर कानाला ओढणी गुंडाळा, कुणी हसत नाही. हसलंच तर हसू दे.

पिशवीत पाणी, एक जुना पंचा, आणि रोज जी घेऊन झोपतं ती वस्तू. आमच्याकडे ते वाकळेचं एक फाटकं टोक आहे, आज्जीच्या साडीचं. एसीत पांघरायलाही उपयोगी पडतं. बाहेरचं खाणं आत नेऊ द्यायचं की नाही हे थिएटरवाल्यानं ठरवायचं, असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं. पण तान्ह्या बाळासाठीचं बेताचं खाणं आई-बाप आत नेऊ शकतात आणि पिण्याचं पाणी थिएटरनं फुकट द्यायला हवं, हेही तिथंच स्पष्ट झालंय. दारात हुज्जत घालायची वेळ आली तर एवढं लक्षात ठेवा.

आत कधी शिरायचं? माझ्या पहिल्या धड्यानंतर मी पोरांना बाहेरच रेंगाळवते आणि राष्ट्रगीताच्या सुमाराला आत आणते. दारावरच्या पोराला विचारलं की तो सांगतो. जाहिराती चुकतात, भुताच्या पिक्चरची ट्रेलरं चुकतात. आणि ती तंबाखूची जाहिरात इंटरव्हलनंतर परत लागते, तेव्हा इंटरव्हलहूनही जरा सावकाश या.

पायरी ६ : अंधारात

आता खरं काम. पहिल्यांदा नेताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. पोर अवघड प्रसंगी पडद्याकडे कमी आणि तुमच्या तोंडाकडे जास्त बघतं. ‘हे वाईट आहे का? किती वाईट आहे?’ हे त्याला तुमच्या चेहऱ्यावरून कळून घ्यायचं असतं. तुम्ही मोबाइलमध्ये असाल तर त्याला उत्तर मिळत नाही. तुम्हीच हमसाहमशी रडत असाल तर जे उत्तर मिळतं त्यानं ते हादरतं. आईचं रडणं हे चार वर्षांच्या जिवाला सिनेमातल्या कुठल्याही मरणापेक्षा मोठं असतं. म्हणून काय दगडासारखं बसायचं? तसं नाही. रडू आलं तर सांगून टाका: ‘मला पण रडू आलं बघ. गोष्ट तशी आहे ना. आत्ता थांबेल.’ आणि खरंच थोड्या वेळानं डोळे पुसून हसा. रडू येतं आणि जातं, हे ते तुमच्याकडे बघून शिकतं. वडिलांनी हे केलं तर दुप्पट उपयोग. आमचे हे पहिल्या वेळी चष्मा पुसायच्या निमित्तानं बाहेर जाऊन आले होते, आता बसल्या जागी पुसतात.

‘शू आली’ ही दुसरी खूण ओळखायला शिका. दहा मिनिटांपूर्वी जाऊन आलेल्या पोराला नेमकी पिल्लू हरवल्यावरच परत शू येते. ‘आत्ताच तर जाऊन आलास!’ म्हणून दटावू नका. त्याला बाहेर पडायचंय, आणि ‘मला भीती वाटतेय’ म्हणण्यापेक्षा ‘शू आली’ म्हणणं सोपं. घेऊन जा, नळाखाली हात धुवा, दोन मिनिटं उजेडात उभे राहा, मग विचारा, ‘जायचं का आत?’ बहुतेक वेळा हो म्हणतात. असंच खुर्चीत उलटं बसणं, अचानक भूक लागणं, पॉपकॉर्न सांडणं, मोठमोठ्यानं खोटं हसणं. पोर वांडपणा करतंय असं वाटतं, पण ते आपल्या परीनं डोळे झाकत असतं.

खरोखर रडायला लागलं तर आधी मांडीवर घ्या, बोलणं नंतर. पाठीवरून हात फिरवा. मग हळू आवाजात जे चाललंय त्याला नाव द्या: ‘पिल्लू एकटं पडलं म्हणून वाईट वाटलं ना?’ आणि गोष्टीतली पुढची पायरी दाखवा: ‘आता तो म्हातारा हत्ती येईल बघ.’ आदल्या दिवशी गोष्ट फोडून ठेवली त्याचा उपयोग इथं होतो. ‘रडू नको’, ‘खोटं असतं ते’, ‘मुलगा असून रडतोस?’ ही तीन वाक्यं आपल्या तोंडात इतकी बसलीत की ती आपसूक निघतात. मी बालवाडीत इतकी वर्षं काढूनही माझ्या तोंडून पहिलं निघालंच. निघालं तर निघू दे, पुढचं वाक्य बरं बोला.

आणि मोबाइल. आमच्या वन्संनी एकदा भाच्याला हुंदके देताना शूट केलं. ‘बघा किती गोड रडतंय!’ म्हणून घरच्या ग्रुपवर टाकलं. चाळीस जणांनी हसणाऱ्या चेहऱ्यांच्या खुणा पाठवल्या. पोरगं नऊ वर्षांचं, त्याला सगळं वाचता येत होतं. पुढची दोन वर्षं त्यानं पिक्चरला जायचं नाव काढलं नाही. नातेवाईकांबरोबर जाताना हे आधीच, प्रेमानं पण स्पष्ट, सांगून ठेवा.

पायरी ७ : उठून जायचं

अर्ध्यातून उठायला आपल्या जिवावर येतं. तासगाव, पलूसहून एसटीनं आलेलं कुटुंब असेल, चार तिकिटं, भाडं, पॉपकॉर्नचे ते अवाच्या सवा पैसे, आणि पोर म्हणतंय चला. मी एक युक्ती करते. तिकीट काढलं त्याच क्षणी ते पैसे गेले असं मनात धरते. मग बघायला मिळाला तेवढा पिक्चर नफ्यात. अंग थरथरतंय, श्वास लागलाय, कान दाबून धरलेत, दोनदा बाहेर नेऊनही आत यायला तयार नाही, तर उठा. शक्यतो दोन मोठी माणसं सोबत असावीत, म्हणजे एकानं धाकट्याला घेऊन बाहेर जायचं आणि थोरल्याचा पिक्चर बुडत नाही. नाहीतर थोरला धाकट्यावर महिनाभर डूख धरतो.

एक मात्र करा. पूर्ण निघून जायच्या आधी दारातल्या उजेडात बसून गोष्टीचा शेवट तोंडी सांगा. पिल्लाला आई सापडली, हे त्याच्या कानावर पडायला हवं. मधेच सोडलेली गोष्ट पोराच्या डोक्यात तिथंच अडकून राहते, आणि तिथं पिल्लू कायमचं हरवलेलं असतं.

पायरी ८ : बाहेर आल्यावर आणि पुढचे आठ दिवस

बाहेर आल्या-आल्या ‘काय शिकलास?’ विचारू नका. पिक्चर म्हणजे काही गृहपाठ नाही. थोडं चाला. आम्ही गणपतीच्या देवळाकडून घाटावर जातो, कुणाला तरी नदीत सुसर दिसल्याचं खोटंच सांगायचं असतं, भडंगाचा पुडा फुटतो. ज्याला बोलायचंय ते आपणहून बोलतं. प्रश्न बहुतेक त्या दिवशी येतच नाहीत. तीन दिवसांनी, अंघोळीच्या वेळी, डोक्यावर पाणी ओतताना, एकदम: ‘मम्मी, तो हत्ती मेला म्हणजे कुठं गेला?’

इथं आपली भाषा आपल्याला गोत्यात आणते. ‘देवाघरी गेला’ हे आपण किती सहज म्हणतो! माझ्या बालवाडीतल्या एका मुलीला आजोबा देवाघरी गेले असं सांगितलं होतं. तिनं घरातल्या देवघराचं दार उघडून आत बघितलं, मग खालच्या फडताळातपण बघितलं. ‘झोपले’ म्हटलं की पोर झोपायला घाबरतं. ‘देवाला चांगली माणसं आवडतात म्हणून नेलं’ हे ऐकून आमच्या पुतण्यानं जाहीर केलं होतं, की मग तो आता वांडच राहणार. श्रद्धा ज्याची त्यानं सांगावी, माझा विरोध नाही. पण त्याच्या आधी साधं आणि खरं एक वाक्य असू द्या: ‘मेला म्हणजे त्याचं शरीर बंद पडलं. आता त्याला दुखत नाही, भूक लागत नाही, आणि तो परत येत नाही.’ आपल्याकडे घरात कुणी गेलं की पोरांना पहिल्यांदा शेजारी पाठवतात. त्यांच्या वाट्याला नुसती कुजबुज येते आणि दहाव्याला घाटावरच्या कावळ्याची गोष्ट. त्यामुळे पिक्चरमधलं मरण हेच पुष्कळ पोरांनी समोरासमोर बघितलेलं पहिलं मरण असतं. प्रश्न येणारच.

खरा प्रश्न त्याच्या मागं दडलेला असतो: ‘तू पण मरशील?’ याला ‘छे, काहीतरीच काय!’ म्हणू नका. त्याला खोटं कळतं. मी म्हणते, ‘सगळेच कधीतरी मरतात. पण मला खूप खूप म्हातारं व्हायचंय, दात पडेपर्यंत. आणि तुझ्याजवळ पप्पा आहेत, आज्जी आहे, काका-काकी आहेत. तुला एकटं कुणी सोडणार नाही.’ एवढं पुरतं. मग ते म्हणतं, ‘डोळ्यात साबण गेला.’

पुढचे काही दिवस भातुकलीत बाहुल्या मरतील, त्यांना गादीखाली पुरलं जाईल, उशांचा दवाखाना होईल. आज्जी ‘असले अभद्र खेळ नकोत’ म्हणतील. त्यांना समजवा, खेळ चालू द्या. पोरं असंच चघळून चघळून गिळतात. मात्र दोन-तीन आठवडे उलटूनही झोप लागत नसेल, तुम्हाला क्षणभरही नजरेआड होऊ देत नसेल, गादी ओली व्हायला लागली असेल, तर आपल्या मुलांच्या डॉक्टरांशी बोला.

आणि तोच पिक्चर परत बघायचाय म्हणून हट्ट धरला तर चकित होऊ नका. ज्या प्रसंगाला रडले तोच बघायचा असतो त्यांना. आमच्या धाकटीनं तो आजोबांचा पिक्चर सुट्टी संपेपर्यंत घरी टीव्हीवर पाच वेळा बघितला. पाचव्या वेळी शेजारी साडेतीन वर्षांची मावसबहीण बसली होती. तो प्रसंग जवळ आला तशी ही तिच्याकडे सरकली, वाकळेचं टोक अर्धं तिच्या मांडीवर टाकलं आणि कुजबुजली, ‘आता आजोबा मरणार हं. मी दोनदा हात दाबला की तू मला जवळ घ्यायचंस.’

तिनं घेतलं की. वाकळ मात्र परत देईना.